स्वमग्न मुलांना सामावून घेणारं उन्हाळी शिबिर: कोल्हापुरात पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

मे महिना जवळ आला की कोल्हापुरात गल्लोगल्ली शिबिरांचे फलक लागतात. चित्रकला, हस्ताक्षर, मर्दानी खेळ, कुस्ती, पोहणं, नाट्य, अबॅकस. 'सर्वांना प्रवेश' असं त्यावर ठळक लिहिलेलं असतं. मग एखाद्या स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलाची आई फोन करते आणि पलीकडून उत्तर येतं, "अहो, आमच्याकडे तसा स्टाफ नाही ओ." ज्यांना हे उत्तर द्यायचं नाही, पण नेमकं काय करायचं हेही माहीत नाही, अशांसाठी हा लेख आहे. तालमी, तरुण मंडळं, महिला मंडळं, शाळेतले शिक्षक, घरच्या हॉलमध्ये छंदवर्ग घेणाऱ्या ताई, सगळ्यांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं बहुतेक सगळं तिच्यावरच उभं आहे. अशी शिबिरं उपक्रमात फसत नाहीत, मधल्या वेळेत फसतात. माती मळताना, रंग भरताना, दोरी ओढताना सहसा काही होत नाही. होतं ते चपला काढून रांगेत उभं राहताना, फेविकॉल वाळेपर्यंत, हार्मोनियमवाले सर 'आलोच' म्हणून न आल्यामुळे. नवे संयोजक उपक्रमांची यादी करण्यात पंधरवडा घालवतात आणि मधला वेळ अंबाबाईवर सोडतात. तुम्ही उलटं करा. उपक्रम तीनच ठेवा, पण एकातून दुसऱ्यात मुलं कशी जाणार, हे मिनिटांत लिहून काढा.

तारखा आणि संख्या आधी ठरवा

पहिलं वर्ष असेल तर दहा दिवस, रोज सकाळी दोन-अडीच तास. यापेक्षा जास्त नको. साडेआठला सुरू केलं तर अकराच्या आत मुलं घरी जातात. एप्रिल-मेमध्ये कोल्हापूरचा पारा ३७-३८ अंशांपर्यंत चढतो. दुपारनंतर वळीव कधी गाठेल सांगता येत नाही, आणि विजांचा कडकडाट सुरू झाला की कुठलंच वेळापत्रक टिकत नाही. काही मुलांना चालू असलेल्या औषधांमुळे उन्हाचा त्रास जास्त होतो. तसं काही असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यायला पालकांना सांगा.

तारखा ठरवताना कॅलेंडरवर फक्त सुट्ट्या बघू नका, आवाज बघा. चैत्र पौर्णिमेच्या ज्योतिबा यात्रेच्या दिवसांत शहरात गर्दी उसळते. १४ एप्रिलला मिरवणुका असतात. पेठांमध्ये वैशाखातली पारंपरिक शिवजयंती जोरात होते. शिवाय शेजारी मंगल कार्यालय असेल तर मुहूर्तांची यादी त्यांच्याकडून मागून घ्या. सकाळी नवाच्या वरातीतला डॉल्बी तुमचा अख्खा दिवस खाऊन टाकतो.

वीस मुलांच्या तुकडीत तीन, फार तर चार स्वमग्न मुलं घ्या. दहा घेतलीत तर ते वेगळं शिबिर होतं. त्यालाही किंमत आहे, पण मग त्याला तसंच म्हणा. अगदी एकच घेतलंत तर सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर राहतात. आणि वयाची गल्लत करू नका. बारा वर्षांचा मुलगा बोलत नाही म्हणून त्याला सहा वर्षांच्या मुलांत बसवणं हा सोयीचा मार्ग आहे, पण त्याला ते कळतं. त्याच्या वयाच्या मुलांतच बसवा, काम हवं तर सोपं द्या.

पालकांशी बोलणं: अर्ध काम इथंच होतं

छापील अर्जावर विसंबून राहू नका. 'मूल चिडतं का?' असा रकाना ठेवलात तर नव्वद टक्के पालक 'नाही' लिहितील, कारण 'हो' लिहिल्यावर काय होतं याचा अनुभव त्यांच्या गाठीला आहे. म्हणून आधी तोंडी सांगा, "ताई, प्रवेश झालाय, आता फक्त माहिती हवी." मग बघा आवाज कसा मोकळा होतो.

विचारायचं ते रोजच्या जगण्यातलं. कुकरची शिट्टी झाली की तो काय करतो? घरी पाहुणे आले की? लग्नाला नेता का, आणि नेलंत तर किती वेळ थांबता? शी-शू लागली की कसं सांगतो, बोलून, हात धरून नेऊन, की चड्डीला हात लावून? दुसऱ्या कुणी नेलेलं चालतं का? डब्यात काय चालतं, काय अजिबात चालत नाही? खडू, माती, कागद तोंडात घालतो का? पाणी दिसलं की धावतो का? फिट येते का, शेवटची कधी आली, काय औषध? अंगाला हात लावलेला चालतो का, की फक्त घट्ट धरलेलंच चालतं? कुठली एक गोष्ट तो तासभर करू शकतो?

आणि सगळ्यात कामाचा प्रश्न: त्याला असह्य व्हायला लागलंय हे तुम्हाला कशावरून कळतं? इथं दर वेळी वेगळं उत्तर येतं. कुणी गुणगुणायला लागतं, कुणाचे कान लाल होतात, कुणी टाचांवर चालायला लागतं. एका मुलीची आई म्हणाली होती, "ओढणीचं टोक तोंडात गेलं की समजायचं, पाच मिनिटं आहेत आपल्या हातात." ही एक ओळ कुठल्याही तपासणी अहवालापेक्षा जास्त उपयोगी.

हे सगळं एका पानावर, मोठ्या अक्षरात उतरवा. मूल ज्या ताई-दादाकडे असेल त्यांच्या खिशात त्याची प्रत हवी. बाकी कुणाला ती दाखवायची गरज नाही.

दिव्यांग प्रमाणपत्र मागू नका. शिबिराला ते लागत नाही. काही घरांत निदान नुकतंच झालेलं असतं, काहींनी ते आजी-आजोबांनाही सांगितलेलं नसतं. प्रमाणपत्र कुठं काढायचं असं कुणी विचारलंच तर स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा असतो आणि तपासणी सीपीआरसारख्या शासकीय रुग्णालयात होते, एवढं सांगा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना स्वमग्न व्यक्तींसाठी आहे. अनेक पालकांपर्यंत ती पोचलेलीच नसते, तीही कानावर घाला.

शिबिर सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात मुलाला रिकाम्या जागेत बोलवा. अर्धा तास पुरे. त्याला फिरू दे, नळ उघडून बघू दे, पंख्याखाली उभं राहू दे. ज्या ताईकडे तो राहणार ती तेव्हा तिथं असायलाच हवी.

माणसं कोण?

एक जण तरी जाणकार हवा: विशेष शिक्षक, स्पीच किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट. विशेष शिक्षकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला लाजू नका. पूर्ण वेळ मिळाले नाहीत तर निदान आधीच्या दोन दिवसांच्या तयारीला आणि पहिल्या तीन दिवसांना त्यांना बोलवा, आणि मानधन द्या. 'समाजकार्य आहे' म्हणून फुकट राबवून घेण्याची आपल्याकडची सवय वाईट.

बाकीचे स्वयंसेवक महाविद्यालयातले चालतात. शिवाजी विद्यापीठात आणि शहरातल्या कॉलेजांत समाजकार्य, मानसशास्त्र, बी.एड. शिकणारी मुलं आहेत. निवडताना उत्साह बघू नका, शांतपणा बघा. सारखं बोलणारा, टाळ्या पिटणारा दादा वीस मुलांना आवडतो आणि त्या तिघांना नको होतो. एका स्वमग्न मुलामागे एक ठरलेली व्यक्ती, दहाही दिवस तीच. तिला सुट्टी हवी झाली तर दुसरी कोण, हे मुलाला आदल्या दिवशी फोटो दाखवून सांगायचं.

आईलाच 'तुम्ही थांबा की बसून' म्हणू नका. पहिला दिवस थांबली तर ठीक. पण दहा दिवस आई कोपऱ्यात बसणार असेल तर तुम्ही फक्त जागा दिलीत.

जागा

शाळेचा हॉल, तालमीची इमारत, मंगल कार्यालय, काहीही चालतं, पण तीन गोष्टी बघा. दार एकच असावं किंवा बाकीची बंद करता यावीत. पत्र्याचं छत नको: उकडतं आणि पाऊस आला की कानठळ्या बसतात. आणि एक छोटी वेगळी खोली हवी. ती नसेल तर कपाट आणि चादर लावून आडोसा करा. त्यात सतरंजी, दोन जड उशा, पाण्याची बाटली. हा शांत कोपरा. तिथं कुणालाही जाता येईल, अगदी स्वमग्न नसलेल्या मुलालाही, आणि शिक्षा म्हणून तिथं कुणालाही पाठवायचं नाही. हा नियम पहिल्याच दिवशी मोडला गेला तर तो कोपरा कायमचा गेला.

ट्यूबलाइट फडफडत असेल तर बदला. माइक लावूच नका, वीस मुलांना माइक कशाला? शिट्टीही नको. स्वच्छतागृहाची कडी आतून अडकली तर बाहेरून उघडता येते का, तेही बघून ठेवा.

वेळापत्रक आणि मधला वेळ

मुलांना दिवस दिसला पाहिजे. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना विद्यापीठात १९७०च्या दशकात टीच या नावानं सुरू झालेल्या कार्यक्रमानं चित्रांच्या वेळापत्रकाची ही पद्धत जगभर नेली. आपल्याला त्यासाठी मोबाइल, झेरॉक्सचं दुकान आणि लॅमिनेशन एवढं पुरतं. इंटरनेटवरची गोंडस चित्रं घेऊ नका. तुमच्याच जागेचे फोटो काढा: फाटक, चपलांचा रॅक, मैदान, सतरंजी, मातीचं टेबल, डबे, पाण्याचा माठ, पुन्हा फाटक. आठ फोटो एका पट्टीवर वेलक्रोनं लावायचे, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. एक गोष्ट झाली की तो फोटो मुलानं स्वतः काढून खालच्या डब्यात टाकायचा. डब्यावर लिहा 'झालं'. फोटो डब्यात पडतो तो टप् आवाज आणि कमी होत जाणारी पट्टी, यांनी जे काम होतं ते दहा वेळा 'अजून थोडंच राहिलंय हं' म्हणून होत नाही. बाकीच्या मुलांनाही ही पट्टी भयंकर आवडते. फोटो कोण काढणार यावरून भांडणं होतात, म्हणून प्रत्येक गटाला वेगळी पट्टी करा.

दोन जादा कार्डं राखून ठेवा: 'पाऊस' आणि 'लाइट गेली'. उन्हाळ्यात दोन्ही लागतात. पंखा अचानक थांबला की काही मुलांना जग थांबल्यासारखं होतं. तेव्हा पट्टीवर ते कार्ड लावलं की निदान हा दिवसाचाच एक भाग आहे, एवढं तरी कळतं.

आता तो मधला वेळ. एक उदाहरण बारकाईनं बघू. मातीकाम संपलंय, आता डबा खायचाय. मध्ये हात धुवायचेत, नळ दोन, मुलं वीस. सामान्य शिबिरात काय होतं? 'चला, सगळ्यांनी रांग करा' अशी हाक. ढकलाढकली, ओले हात एकमेकांच्या अंगाला, पाण्याचा आवाज, 'ए मध्ये घुसू नको'. सात-आठ मिनिटं. ज्या मुलाला ओल्या मातीचा स्पर्श कसाबसा सहन झाला होता, त्याच्या हातावर ती वाळून ओढायला लागलेली असते आणि आपला नंबर कधी येणार हे त्याला ठाऊक नसतं. तो ओरडतो तेव्हा सगळे म्हणतात, 'अचानक काय झालं याला?' अचानक काहीच झालेलं नसतं.

यावर उपाय साधे आहेत. मातीच्या टेबलाजवळच दोन बादल्या आणि टॉवेल ठेवा, म्हणजे रांगच नको. चार-चार मुलांना उठवा, बाकीची काम चालू ठेवतील. रांग लागणारच असेल तर जमिनीवर रंगीत चिकटपट्टीनं पावलं आखा, एका पावलावर एक मूल. वाट बघताना हातात काहीतरी द्या: पिळायचा चेंडू, दोरीची गाठ, पाण्याची बाटली. वाळूचं घड्याळ किंवा स्वयंपाकघरातला टायमर ठेवा. 'पाच मिनिटं' हा शब्द मुलाला दिसत नाही, पडणारी वाळू दिसते. आणि उपक्रम संपण्याच्या थोडं आधी सांगा: "अजून दोन गोळे, मग हात धुवायचे." सांगितलं तसंच करा. 'मग' नंतर वेगळंच काही निघालं, तर पुढच्या वेळी तुमच्या 'मग'ला अर्थ राहत नाही.

बोलणं कमी करा. 'अरे बाळा, असं पळू नये, बघ, सगळे कसे शहाण्यासारखे बसलेत' याच्याऐवजी 'बस. इथं.' आणि सतरंजीवर हात ठेवून दाखवा. यात उद्धटपणा नाही, स्पष्टपणा आहे. सांगून झाल्यावर मनात दहा आकडे मोजा, मगच पुन्हा सांगा. काही मुलांना ऐकलेलं आत पोचायला तेवढा वेळ लागतो, आणि आपण मध्येच पुन्हा बोललो की त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मूल बोलत नसेल पण चित्रांवर बोट ठेवून किंवा टॅबवर बोलत असेल, तर ती चित्रं, तो टॅब कायम हाताशी हवा. 'खेळताना पडेल' म्हणून दप्तरात ठेवणं म्हणजे त्याचं तोंड बंद करणं.

डब्याच्या वेळेबद्दल थोडंसं. सगळ्यांना एकच खाऊ वाटायचा मोह आवरा. आपलं भडंग कितीही लाडकं असलं तरी त्याचा कुरकुरीतपणा, तिखट, लसणाचा वास एखाद्याला झेपत नाही. ज्यानं त्यानं घरचा डबा आणावा. कुणी रोज पांढरा भातच खात असेल तर खाऊ दे. 'एक घास तरी भाजी खा' हे शिबिराचं काम नव्हे. वाढदिवसाला फुगे नकोत.

करून काय घ्यायचं?

इथं कोल्हापूरकरांची चैन आहे. थेरपीच्या केंद्रात ज्याला जड काम म्हणतात, म्हणजे ढकलणं, ओढणं, उचलणं, दाबणं, ते आपल्या तालमीत रोजच चालतं. अशा कामानं स्नायूंवर आणि सांध्यांवर दाब येतो आणि पुष्कळ मुलं त्यानंतर शांत बसू शकतात. आखाड्याची तांबडी माती फावड्यानं ओढणं, छोट्या बादलीतून पाणी नेऊन शिंपडणं, दोघांनी दोर ओढणं, भिंतीला दोन्ही हात लावून ढकलणं, दोन-चार बैठका. दिवसाची सुरुवात अशा वीस मिनिटांनी करा आणि बसायचं काम त्यानंतर ठेवा. बहुतेक शिबिरं आधी प्रार्थना, मग भाषण, मग बसून काम आणि शेवटी खेळ असा क्रम लावतात. मला तो सगळ्याच मुलांसाठी उलटा वाटतो. वस्तादांना आधी एवढंच सांगायचं की इथं कुणाला चीतपट करायचं नाही, आणि ज्याला मातीत उतरायचं नाही त्यानं काठावरून बादली दिली तरी तो खेळतोय.

शाडूच्या कामासाठी मुलांना बापट कॅम्पात न्यायच्या ऐवजी तिथल्या एखाद्या कुंभारकाकांनाच बोलवा. मुलं एका अनोळखी माणसाची सवय करू शकतात. अनोळखी माणूस, अनोळखी जागा, वाहनांची ये-जा आणि ओली माती हे सगळं एकदम नको. ओल्या मातीला हात लावत नसेल त्याला लाकडी कोरणी द्या, किंवा वाळलेल्या मूर्तीवर कोरडा ब्रश फिरवू दे.

हलगी आणि लेझीम ठेवायची का? ठेवा, पण शेवटच्या दिवसांत आणि मैदानावर. आधी हलगी नुसती बघू दे, मग बोटानं वाजवू दे. स्वतः केलेला आवाज दुसऱ्यानं केलेल्या आवाजापेक्षा सोसायला सोपा असतो, कारण तो कधी येणार हे माहीत असतं. कान झाकायचे दोन-तीन हेडफोन ठेवा. ते घालून कुणी पन्नास फुटांवरून लेझीम बघत असेल तर त्याला ओढून आणू नका.

चित्रकला, कागदकाम, गोष्टी यांत विशेष सांगण्यासारखं नाही. नमुना समोर ठेवा, पायऱ्या चित्रांनी दाखवा, आणि कुणी सगळं पान एकाच निळ्या रंगानं भरलं तर तेही चित्रच आहे.

बाकीच्या मुलांना काय सांगायचं?

भाषण नको. 'आपले हे विशेष मित्र' असली ओळख तर नकोच नको. मुलं आपणहून विचारतात, तेव्हा तिथल्या तिथं उत्तर द्यायचं.

"ताई, तो असे हात का हलवतोय?"

"त्याला मजा वाटली की तो हात हलवतो. तुला मजा वाटली की तू काय करतोस?"

"मी उड्या मारतो."

"हां, तसंच."

संपला विषय. मुलांचं एवढ्यावर भागतं, मोठ्यांचं भागत नाही. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिल्याच दिवशी लिहून टाका की या शिबिरात सगळ्या प्रकारची मुलं आहेत, शंका असेल तर संयोजकांना फोन करा, ग्रुपवर चर्चा नको. मुलांचे फोटो तिथं टाकायचे नाहीत, हेही त्याच संदेशात. कुणी 'आमच्या मुलाला काही लागलं तर?' असं विचारलं तर चिडू नका, प्रत्येक मुलामागे कोण आहे आणि तुम्ही काय व्यवस्था केलीय ते सांगा.

सगळ्यांना सगळ्यांबरोबर खेळवायचा अट्टहास नको. दोर ओढताना समोरासमोर, माती कालवताना शेजारी-शेजारी, एवढी सोबत पुष्कळदा पुरते. रोज तेच दोघे शेजारी येतील अशी बसायची जागा ठरवून द्या.

मूल कोलमडलं तर

मूल जमिनीवर पडून ओरडतंय, डोकं आपटतंय, कानावर हात. हा हट्ट नव्हे. हट्ट करणारं मूल मध्येच तुमच्याकडे बघतं, तुमचं लक्ष आहे का ते. इथं तसं काही नसतं, सहनशक्ती संपलेली असते. एकच माणूस जवळ थांबेल, जो रोज असतो तोच. बाकीच्यांनी उरलेल्या मुलांना शांतपणे मैदानावर न्यायचं. आवाज बंद, दिवे कमी. डोक्याखाली उशी सरकवा. 'काय झालं, काय झालं' विचारू नका. समजावू नका, आणि कुणीही मोबाइल काढायचा नाही. ओसरल्यावर पाणी द्या, बराच वेळ काही करायला सांगू नका. त्याच दिवशी आईला सांगा, पण तक्रारीच्या सुरात नको: आधीच्या दहा मिनिटांत काय-काय चाललं होतं तेवढं सांगा. कारण तिलाच सापडेल.

फिट आली तर कुशीवर वळवा, कपडे सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा किंवा चप्पल हुंगवायला कुणीतरी धावत येईलच, त्याला थांबवा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लगेच दुसरी आली तर १०८.

आणि पळून जाणं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत जवळजवळ निम्म्या स्वमग्न मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी सुरक्षित जागेतून निघून जायचा प्रयत्न केल्याचं पालकांनी सांगितलं होतं. ही मुलं बहुतेकदा कशाकडे तरी जात असतात, आणि ते कशाकडे तरी म्हणजे पुष्कळदा पाणी. म्हणून फाटकावर एक माणूस, त्याचं तेवढंच काम. त्याला मध्येच डबे मोजायला बोलवायचं नाही. तुमच्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरवर रंकाळा, पंचगंगेचा घाट, विहीर, उघडी टाकी काय आहे, याचा नकाशा करून ठेवा. मूल दिसेनासं झालं तर पहिला माणूस शोधत न बसता थेट पाण्याकडे धावेल, दुसरा रस्त्याकडे, तिसरा ११२ला फोन करेल. हे तिघं कोण, ते पहिल्याच सकाळी नावानिशी ठरलेलं हवं.

पोहणं शिकवणार असाल तर वेगळ्या वेळेला, प्रशिक्षित जीवरक्षकासह आणि एका मुलामागे एक मोठं माणूस पाण्यात, असंच. ते जमत नसेल तर या वर्षी पोहणं नको.

सहल काढायचीच असेल तर

पन्हाळा, वॉटर पार्क वगैरे पहिल्या वर्षी सोडा. संध्याकाळचा रंकाळाही नको. टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय मला सोयीचं वाटतं: जुनी दगडी इमारत, भोवती झाडी, आणि सीपीआर अगदी समोर. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू तिथं आहेत. ज्या मुलाला भांडी, नाणी, एका ओळीत मांडलेल्या गोष्टी आवडतात, ते तिथं रमतं. आधी स्वतः जाऊन आतले फोटो काढता येतात का विचारा, तसे काढून पट्टी तयार करा. उघडताक्षणी पोचा, एक तासात परता. रस्ता वाहता आहे, त्यामुळे गाडी फाटकाशीच थांबवायची. प्रत्येक मुलाच्या खिशात संयोजकांचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड ठेवा, गळ्यात नको. काहींना गळ्यातला दोरा सहन होत नाही, आणि नाव छातीवर मिरवणंही बरं नाही.

कागदपत्रं आणि कायदा, थोडक्यात

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, त्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. मनोरंजन आणि खेळात सहभागाचा हक्कही त्याच कायद्यात आहे. तेव्हा तुम्ही उपकार करत नाही, हे टीममधल्या प्रत्येकाला माहीत असू दे. फी सगळ्यांना सारखी ठेवा. जादा माणसांचा खर्च सगळ्यांत वाटा किंवा देणगीदार शोधा.

पालकांची लेखी संमती, तातडीचे दोन नंबर, औषधांची नोंद, मुलाला न्यायला कोण-कोण येऊ शकतं त्यांची नावं, हे हवंच. स्वच्छतागृहात मदत लागणाऱ्या मुलाजवळ एकट्या माणसानं दार बंद करून जायचं नाही, दुसरं मोठं माणूस हाकेच्या अंतरावर हवं. न बोलणाऱ्या मुलाला तक्रार करता येत नाही, म्हणून हा नियम वस्ताद, ताई, अध्यक्ष सगळ्यांना सारखा. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळाच्या बैठकीत मिटवायचा तो विषय नाही.

शेवटचा दिवस

स्नेहसंमेलन नको. स्टेज, माइक, पाहुणे, नारळ, सत्कार, आणि नऊ दिवस जे टाळलं ते सगळं एका तासात. त्याऐवजी पालकांनाच त्यांच्या सोयीनं साडेआठ ते साडेदहामध्ये बोलवा. नेहमीचंच वेळापत्रक चालू असेल, त्यांनी काठावर बसून बघावं. मुलाला आखाड्यावर बादली नेताना बघणं हा कार्यक्रमच आहे. प्रमाणपत्र द्यायचं तर सगळ्यांना एकसारखं.

जाताना आईच्या हातात एक पान द्या. पहिल्या फोनवर तुम्ही जे लिहून घेतलं होतं तेच पान, पण आता दहा दिवसांच्या अनुभवानं दुरुस्त केलेलं. काय चाललं, काय नाही, किती वेळ बसला, कुणाशेजारी बसला, कुठल्या शब्दाला लगेच उठला, टायमर बरा की वाळूचं घड्याळ. 'छान प्रगती' असलं काही लिहू नका, त्याचा तिला उपयोग नाही. जूनमध्ये शाळा उघडली की नव्या वर्गशिक्षिकेसमोर हेच पान ठेवलं जातं, म्हणून त्यावर शिबिराचं नाव, तारखा आणि ज्या ताई-दादानं लिहिलं त्याची सही असू द्या. एक प्रत तुमच्याकडेही राहू दे. पुढच्या मार्चमध्ये तीच आई पुन्हा फोन करेल, तेव्हा तिला सगळं परत पहिल्यापासून सांगायला लावू नका.